नदी ओलांडली की चर्च बदलतं

विदर्भातल्या तालुक्याच्या गावी मिशनचा दवाखाना किंवा कॉन्व्हेंट असलं, की तिथल्या सिस्टर बहुतेक वेळा केरळच्या निघतात. ‘कुठल्या तुम्ही?’ म्हणून विचारलं तर कोट्टायम, पाला, त्रिशूर अशी नावं येतात. त्याच गावात एखादं जुनं मराठी ख्रिस्ती कुटुंबही असतं. आडनाव गायकवाड किंवा साळवे, जेवणात ज्वारीची भाकर, नाताळाला करंज्या. गावाच्या लेखी हे दोघंही ‘ख्रिश्चन’. रविवारी सकाळी मात्र ते एका छताखाली दिसत नाहीत. सिस्टर मिस्सेला जातात, साळवे उपासनेला. सिस्टरांकडे फादर असतात आणि ते लग्न करत नाहीत. साळव्यांकडे पाळक असतात, आणि पाळकीणबाईंना सगळी मंडळी ओळखते.

धर्म एक, गाव एक, मग वाटा दोन का? आणि कोण कुठल्या वाटेला लागलं, हे ठरवलं कोणी? सोपं उत्तर असं दिलं जातं की ज्याला जे पटलं ते त्यानं घेतलं. वर्धा जिल्ह्याचा नकाशा समोर ठेवला की हे उत्तर फार काळ टिकत नाही.

आर्वी तालुक्यातलं रोहणा घेऊ. कॅथलिक चर्च आपल्या कारभारासाठी मुलुखाचे धर्मप्रांत पाडतं आणि प्रत्येकावर एक बिशप नेमतं. रोहण्याहून नागपूर जवळ. तिथं १८८७ पासून बिशपचं पीठ आहे. अमरावती तर त्याहून जवळ, तिथलं पीठ १९५५ चं. पण वर्धा जिल्हा या दोन्हींत येत नाही. तो येतो चांदा, म्हणजे आजच्या चंद्रपूरच्या, धर्मप्रांतात. त्याचं मुख्यालय थेट बल्लारपूरला आणि उपासनेची परंपरा केरळची. तालुक्याच्या पश्चिमेला वर्धा नदी आहे. ती ओलांडून अमरावती जिल्ह्यात शिरलं की धर्मप्रांत बदलतो आणि परंपराही बदलते: पलीकडे रोमची लॅटिन रीत. नदीच्या दोन काठांवरच्या माणसांनी धर्मशास्त्रावर वाद घालून हे ठरवलेलं नाही.

डब्यातले उतारू

एखाद्या धर्माची किंवा पंथाची टक्केवारी बदलली की पहिला संशय धर्मांतरावर जातो. खरं तर ती बदलण्याच्या वाटा पुष्कळ आहेत. पुलगाव-आर्वी नॅरोगेज गाडी पूर्वी रोहण्याला थांबत असे. तिच्या एका डब्याची कल्पना करावी. आर्वीला पोचताना डब्यात पांढऱ्या टोपीवाले किती, हे चार गोष्टींवर ठरणार. वाटेत किती टोपीवाले चढले, किती उतरले, बिनटोपीचे किती चढले-उतरले, आणि बसल्या जागी किती जणांनी टोपी घातली किंवा काढली. यातली शेवटची गोष्ट म्हणजे धर्मांतर. बाकीचा सारा हिशेब जन्म, मृत्यू आणि स्थलांतराचा. गंमत अशी की एकाही टोपीवाल्यानं टोपी काढली नाही, एकही खाली उतरला नाही, तरी बिनटोपीचे दहा जण चढले की टोपीवाल्यांचं प्रमाण घसरतं.

गोव्यात नेमकं हेच घडलं. १९६१ मध्ये पोर्तुगीज गेले तेव्हा गोव्यातल्या लोकसंख्येत ख्रिस्ती एक तृतीयांशाहून अधिक होते. २००१ च्या जनगणनेत ते २६.७ टक्के भरले, २०११ मध्ये २५.१ टक्के. चर्च सोडून कोणी मोठ्या संख्येनं बाहेर पडलं नव्हतं. गोंयकार ख्रिस्ती मुंबईला, आखातात, पोर्तुगालला आणि इंग्लंडला गेला. स्विंडनसारख्या इंग्रजी शहरात त्याची वस्ती झाली. त्याच काळात महाराष्ट्रातून, कर्नाटकातून आणि उत्तरेकडून कामगार, दुकानदार, नोकरदार गोव्यात आले. ख्रिस्त्यांच्या घरटी मुलंही कमी झाली.

महाराष्ट्राचा आकडाही याच चालीचा आहे. २००१ मध्ये राज्यात १० लाख ५८ हजार ख्रिस्ती होते, २०११ मध्ये १० लाख ८० हजार. या दहा वर्षांत राज्याची एकूण लोकसंख्या १६ टक्क्यांनी वाढली, ख्रिस्त्यांची जेमतेम दोन टक्क्यांनी. त्यांचा वाटा १.०९ वरून ०.९६ टक्क्यावर आला.

धर्मांतरानं आकडा हलतो तेव्हा तो कसा दिसतो, हे पाहायलाही विदर्भातून बाहेर जावं लागत नाही. १९५१ च्या जनगणनेत आजच्या महाराष्ट्राच्या हद्दीत बौद्ध होते अवघे अडीच हजार. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात आणि १६ ऑक्टोबरला चांद्याला डॉ. आंबेडकरांनी धम्मदीक्षा दिली. १९६१ च्या जनगणनेत बौद्धांची संख्या निघाली २७ लाख ९० हजार. ही उडी जन्मदरातून येत नाही, गाड्या भरभरून माणसं आली तरी येत नाही. ख्रिस्ती आकड्यांत अशी उडी शोधणाऱ्यांनी निदान २००१ आणि २०११ चे तक्ते शेजारी ठेवून पाहावेत.

मिशनांनी वाटून घेतलेला मुलूख

आता साळव्यांच्या उपासनेकडे वळू. प्रोटेस्टंट म्हणजे सोळाव्या शतकात युरोपात रोमच्या पोपची सत्ता झुगारून वेगळ्या झालेल्या आणि पुढे त्यांतून निघालेल्या पंथांचं एकत्रित नाव. त्यात अँग्लिकन, प्रेस्बिटेरियन, मेथडिस्ट, बाप्टिस्ट असे अनेक. जर्मन मुलखात १५५५ च्या ऑग्सबर्गच्या तहानं कॅथलिक आणि ल्युथरन यांच्यापुरता तोडगा निघाला तो असा की राजाचा पंथ तोच प्रजेचा. ज्याला मान्य नसेल त्यानं चंबूगबाळं आवरून दुसऱ्या राज्यात जावं.

तीनशे वर्षांनी महाराष्ट्रात राजाच्या जागी मिशन आलं. एकाच जिल्ह्यात चार मिशनांनी ओढाताण करू नये म्हणून त्यांनी आपसांत मुलूख वाटून घेतला. अमेरिकन मराठी मिशन १८१३ मध्ये मुंबईत सुरू झालं आणि १८३१ पासून त्यानं अहमदनगर धरलं. कोल्हापूरकडे अमेरिकन प्रेस्बिटेरियन गेले. नागपूर स्कॉटिश फ्री चर्चकडे होतं. तिथं १८४० च्या दशकात स्टीफन हिस्लॉप आले. शाळा काढता काढता त्यांनी विदर्भातले दगड, जीवाश्म आणि गोंडांच्या कथाही गोळा केल्या. १८६३ मध्ये टाकळघाटाजवळची शिळावर्तुळं पाहून परतताना पुराच्या पाण्यात ते बुडाले. नागपूरच्या हिस्लॉप कॉलेजला त्यांचंच नाव आहे.

वर्धा नदी इथंही आडवी येते. तिच्या पूर्वेचा मुलूख नागपूरकर भोसल्यांचा, पश्चिमेचं वऱ्हाड निजामाचं. इंग्रजांच्या हाती दोन्ही आले ते वर्षभराच्या अंतरानं, पण वेगवेगळ्या कागदांनी. मिशनांची वाटणीही बरीचशी त्याच रेषेवर पडली. वऱ्हाडात अकोला, खामगाव, अमरावती या पट्ट्यात ख्रिश्चन अँड मिशनरी अलायन्स होतं, यवतमाळला फ्री मेथडिस्ट, वाशीम-बुलढाण्याकडे नाझरीन. तेव्हा एखाद्या माणसाच्या मनात खरोखर परिवर्तन झालं असलं, तरी त्यानंतर तो प्रेस्बिटेरियन होणार की मेथडिस्ट, हे त्याचं घर नदीच्या कुठल्या काठाला आहे यावर ठरत होतं. ख्रिस्ती होणं ही निवड असे, पंथ बहुधा पत्त्याबरोबर मिळे.

नारायण वामन टिळकांची गोष्ट मराठी वाचकाला ‘स्मृतिचित्रे’मुळे ठाऊक आहे. नागपूरहून राजनांदगावला जाताना रेल्वेच्या डब्यात एका गोऱ्या सहप्रवाशानं त्यांना बायबल वाचायला सांगितलं, आणि १० फेब्रुवारी १८९५ ला मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. वाचून, झगडून, घरदार तुटण्याची किंमत मोजून केलेलं हे धर्मांतर. बाप्तिस्मा अमेरिकन मराठी मिशनमध्ये झाला, म्हणून टिळकांचं पुढचं बरंचसं आयुष्य नगरला गेलं. अखेरीस १९१७ मध्ये त्यांनी मिशनची नोकरी सोडली आणि ‘देवाचा दरबार’ मांडला. पाश्चात्त्य पंथांच्या भिंती हिंदी ख्रिस्त्यांनी आपल्या अंगणात का बांधाव्यात, हा त्यांचा सवाल होता.

त्या भिंतींपैकी काही खरोखर पडल्या, आणि पडल्या नागपुरातच. १९२९ पासून उत्तर भारतातले प्रोटेस्टंट पंथ एकत्र येण्याची बोलणी करत होते. २९ नोव्हेंबर १९७० ला नागपूरच्या ऑल सेंट्स कॅथीड्रलच्या आवारात सहा पंथांचं मिळून ‘चर्च ऑफ नॉर्थ इंडिया’ झालं: अँग्लिकन, आधीच एकत्र आलेले प्रेस्बिटेरियन-काँग्रिगेशनल, बाप्टिस्ट, ब्रिटिश परंपरेचे मेथडिस्ट, ब्रदरन आणि डिसायपल्स. अमेरिकन परंपरेचे मेथडिस्ट ऐनवेळी बाहेर राहिले. अलायन्स, फ्री मेथडिस्ट, नाझरीनही त्यात आले नाहीत. एका दिवसात लाखो माणसांच्या पंथाचं नाव बदललं. त्यांनी बाक बदललं नाही, पाळक बदलला नाही, गायचं पुस्तकही जुनंच राहिलं. पंथबदलाचा तक्ता मांडणाऱ्या अभ्यासकाला मात्र १९७० साली मोठीच उलथापालथ दिसेल.

चौकट : कोण कोण?
कॅथलिक म्हणजे रोमच्या पोपला प्रमुख मानणारे. पण सगळे कॅथलिक एकाच पद्धतीनं उपासना करत नाहीत. जगातले बहुसंख्य लॅटिन रीतीचे. केरळमधले सिरो-मलबार कॅथलिक पोपलाच मानतात, पण त्यांची उपासना पूर्वेकडच्या सिरियाक परंपरेतली आहे, बिशप आणि धर्मसभा स्वतःची आहे. आपली परंपरा ते संत थॉमसपासून सांगतात. प्रोटेस्टंट पोपला मानत नाहीत. त्यांच्यात पंथ अनेक, आणि पेन्टेकॉस्टल हा विसाव्या शतकात झपाट्यानं वाढलेला प्रवाह. पवित्र आत्म्याचा प्रत्यक्ष अनुभव हा त्यांच्या श्रद्धेचा गाभा.

केरळची रीत बल्लारपुरात

सिरो-मलबार चर्चच्या बिशपांचा अधिकार १९६२ पर्यंत केरळ आणि आसपासपुरताच होता. केरळबाहेर गेलेला मल्याळी कॅथलिक आपोआप तिथल्या लॅटिन बिशपच्या हाताखाली जाई. ३१ मार्च १९६२ ला ही चौकट पहिल्यांदा मोडली ती चांद्याला. रोमनं हा मुलूख सिरो-मलबार चर्चला धर्मकार्यासाठी दिला आणि सी.एम.आय. या केरळच्या संन्यासी संघावर जबाबदारी टाकली. १९७७ मध्ये त्याचा पूर्ण दर्जाचा धर्मप्रांत झाला. आज चंद्रपूर, गडचिरोली आणि वर्धा हे जिल्हे त्यात आहेत.

चांद्याला केरळची रीत आली ती धर्मगुरू आणि सिस्टरांबरोबर. मुंबईत ती आली पोटासाठी आलेल्यांबरोबर. टायपिस्ट, नर्स, कारखान्यातले फिटर असे मल्याळी मुंबई-ठाण्याकडे येत राहिले. रविवारी ते जवळच्या लॅटिन चर्चमध्ये जात. पण मुलांचं पहिलं कम्युनियन आणि लग्न आपल्या रीतीनं व्हावं, ही ओढ सुटली नाही. मागणी साचत गेली आणि १९८८ मध्ये कल्याणला त्यांच्यासाठी वेगळा धर्मप्रांत झाला. २००१ मध्ये शिकागोला झाला, २०१६ मध्ये ब्रिटनला. २०१७ मध्ये पोप फ्रान्सिस यांनी हैदराबादजवळच्या शमशाबादला धर्मप्रांत देऊन या चर्चला उरलेला सारा भारत मोकळा केला.

यातून स्थलांतराचा एक कायदाच हाती येतो. एकटा माणूस परगावी गेला तर तो जवळचं चर्च धरतो आणि एक-दोन पिढ्यांत त्यात मिसळतो. घोळक्यानं गेलेली माणसं आपलं चर्च बरोबर नेतात.

मुंबईत आले गोंयकार, बदलले मुंबईकर

येणाऱ्यांमुळे आधीच्यांची ओळख कशी बदलते, याचं उदाहरण वसई-मुंबईचं. पोर्तुगिजांनी १५३४ मध्ये वसई घेतल्यावर या पट्ट्यातले कोळी, भंडारी, कुणबी, सामवेदी ब्राह्मण अशा अनेक जातींतले लोक कॅथलिक झाले. घरची बोली मराठी वळणाची राहिली. इंग्रजी अमदानीत त्यांना सरसकट ‘पोर्तुगीज ख्रिस्ती’ म्हणत. एकोणिसाव्या शतकात आगबोटी सुरू झाल्या आणि गोव्याहून, मंगळूरहून कॅथलिक तरुण मुंबईत उतरू लागले. स्वयंपाकी, बँडवाले, कारकून, डॉक्टर, सगळेच. नावं तीच: डिसोझा, फर्नांडिस, परेरा. सरकारदरबारी नोकरीला उभं राहिलं की इथला कोण आणि बाहेरचा कोण, कळायला मार्ग नाही.

तेव्हा इथल्यांनी आपलं नावच बदललं. १८८७ मध्ये, व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाच्या सुवर्णमहोत्सवी वर्षात, त्यांनी ईस्ट इंडिया कंपनीची आठवण देणारं ‘ईस्ट इंडियन’ हे नाव घेतलं आणि संघटना काढली. धर्म, पंथ, पोप, मिस्सा यांतलं काही बदललं नव्हतं. शेजारी नवी माणसं राहायला आली, एवढंच कारण.

गोंयकारांनीही आपला गाव मुंबईत आणला होता. धोबीतलावच्या जेर महालासारख्या इमारतींत त्यांचे कूड होते, आणि काही अजून आहेत. कूड म्हणजे एका गावच्या पुरुषांनी चालवलेली राहण्याची जागा. भिंतीलगत ओळीनं मांडलेल्या पेट्या, बोटीवर जाणारा खलाशी परत येईपर्यंत तिथंच त्याचा संसार, आणि एका टोकाला वेदी. संध्याकाळी तेर्स म्हणजे जपमाळेची प्रार्थना व्हायची, आणि हजर असणाऱ्यानं तिला बसायचं हा नियम. अशा खोलीत राहणारा तरुण शहरात येऊन धर्मापासून सुटेल, ही शक्यता कमीच. १९५० मध्ये मुंबईचे पहिले भारतीय आर्चबिशप झालेले व्हॅलेरियन ग्रेशस हेही अशाच स्थलांतरितांचे पुत्र. आईवडील गोव्याचे, जन्म कराचीचा, कारकीर्द मुंबईची.

अमेरिकेचं कोडं आणि केडगावची रात्र

डब्यातल्या टोप्यांचा हिशेब अमेरिकेत मोठ्या प्रमाणावर मांडता येतो, कारण तिथं प्यू रिसर्च सेंटरसारख्या संस्था लोकांना दोन प्रश्न विचारतात: लहानपणी कुठल्या धर्मात वाढलात, आणि आज स्वतःला काय म्हणवता? २०२३-२४ च्या पाहणीत शंभर प्रौढांमागे सुमारे तीस जण कॅथलिक घरात वाढलेले निघाले. त्यातले जवळपास तेरा आता कॅथलिक नाहीत. बाहेरून कॅथलिक झालेले दीड. तीसातून तेरा वजा, त्यात दीड मिळवा, उरतात एकोणीसच्या आत-बाहेर. एक जण आत येतो तेव्हा आठाहून अधिक बाहेर पडतात.

इतकी गळती असून मांडव उभा कसा? २००७ मध्ये कॅथलिक २४ टक्के होते, २०१४ मध्ये २१, आता १९ च्या आसपास. उतार आहे, पण कोसळणं नाही. कारण आजच्या अमेरिकन कॅथलिकांतले २९ टक्के परदेशात जन्मलेले आहेत, मुख्यतः मेक्सिको आणि इतर लॅटिन अमेरिकी देशांत. प्रोटेस्टंटांना एवढी मोठी कुमक मिळालेली नाही. ते २००७ मध्ये ५१ टक्के होते आणि ४० वर आले. दोन्हींकडून सुटलेले बरेचसे दुसऱ्या चर्चमध्ये न जाता ‘कुठलाच धर्म नाही’ या रकान्यात गेले. तो १६ टक्क्यांवरून २९ वर पोचला.

पण ज्या लॅटिन अमेरिकेतून ही कुमक येते, तिथलीच विहीर आटू लागली आहे. प्यूच्याच २०१४ च्या पाहणीत तिथले ८४ टक्के प्रौढ कॅथलिक म्हणून वाढलेले होते, पण स्वतःला कॅथलिक म्हणवणारे ६९ टक्केच उरले होते. प्रोटेस्टंट म्हणून वाढलेले ९ टक्के, आता म्हणवणारे १९. यातले पुष्कळसे पेन्टेकॉस्टल. इथं टोप्या खरोखर बदलल्या गेल्या.

आणि या बदलाचा एक धागा पुणे जिल्ह्यातल्या केडगावला येतो. पंडिता रमाबाईंचा बाप्तिस्मा १८८३ मध्ये इंग्लंडमधला, अँग्लिकन. त्यांचं केडगावचं मुक्ती सदन मात्र कुठल्याच पंथाचं नव्हतं. दुष्काळात मध्य प्रांतातून आणि गुजरातेतून आणलेल्या शेकडो मुली तिथं होत्या. जून १९०५ मध्ये एका रात्री एका मुलीच्या अंगावर ज्वाळा दिसल्या, म्हणून दुसरी पाण्याची बादली आणायला धावली, असं मुक्तीतल्या मिनी अब्राम्स यांनी नोंदवलं आहे. मग रडणं, पापांची कबुली, अनोळखी भाषांत प्रार्थना यांची लाटच आली. लॉस एंजेलिसच्या अझुसा स्ट्रीटवरची प्रसिद्ध लाट त्यानंतरची, १९०६ ची. अब्राम्सबाईंनी आपलं पुस्तक चिलीतल्या मे हूव्हर या जुन्या वर्गमैत्रिणीला पाठवलं. तिचे पती विलिस हे वाल्पराइसोला मेथडिस्ट पाळक होते. १९०९ मध्ये त्यांच्या मंडळीत हेच घडलं आणि तिथून चिलीचं पेन्टेकॉस्टल चर्च उभं राहिलं. केडगावच्या आश्रमातली बातमी टपालानं प्रशांत महासागराच्या काठी गेली. माणसांनी बोटीत बसायचीही गरज पडली नाही.

रकान्यात काय लिहायचं

राहता राहिला प्रश्न नोंदीचा. ब्रिटिशांच्या शिरगणतीत ख्रिस्त्यांचे पंथही मोजत. आजच्या जनगणनेचे तक्ते ‘ख्रिश्चन’ एवढ्यावरच थांबतात. त्यामुळे वर्धा जिल्ह्यात कॅथलिक किती आणि प्रोटेस्टंट किती, हे सरकारी आकड्यांतून निघत नाही. शिवाय प्रगणक लिहून घेतो ते समोरचा माणूस सांगेल ते, आणि सांगताना माणूस फायद्या-तोट्याचाही विचार करतो. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशानं अनुसूचित जातीचा दर्जा हिंदूंपुरता ठेवला. शिखांना तो १९५६ मध्ये सरसकट मिळाला, बौद्धांना १९९० मध्ये. ख्रिस्ती झालेल्याला तो आजही नाही. त्यामुळे रविवारी उपासनेला जाणारं एखादं घर दाखल्यावर आणि प्रगणकासमोर जुनाच धर्म सांगतं. अशी घरं किती, हे मोजणारा तक्ता असूच शकत नाही. दर्जाच्या या प्रश्नावर केंद्रानं ऑक्टोबर २०२२ मध्ये माजी सरन्यायाधीश के. जी. बालकृष्णन यांचा आयोग नेमला. उद्या नियम बदलला तर पुढच्या एखाद्या जनगणनेत महाराष्ट्रातल्या ख्रिस्त्यांचा आकडा एकदम फुगलेला दिसू शकेल, आणि त्यातल्या बऱ्याच जणांचा बाप्तिस्मा आजोबांच्या काळातला असेल.